लढाईचे बूट आणि सुग्रीवची साडेसाती

सुग्रीव कटारेच्या घरातून आजवर सुईसुद्धा हरवलेली नाही! असं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे पुरावा मागायची सोय नव्हती. दिंद्रुडच्या स्टँडसमोर त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. कपाशीचं कुठलंही वाण मागा, गडी मान न वळवता हात मागं घालतो आणि पुडकं काढून देतो. वर "ज्याची वस्तू जागेवर, त्याचं डोकं जागेवर" हे वाक्य पिशवीत फुकट घालायचा.

म्हणूनच शाळेचे हेडमास्तर त्याच्याकडं आले. सोळा डिसेंबरला शाळेत कार्यक्रम होता. एकाहत्तरची लढाई पाहिलेला गावात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे सुग्रीवचे वडील बंकटराव, सगळ्या गावाचे अण्णा. अण्णांचा सत्कार होणार होता. शिवाय चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपले लढाईचे बूट लोकांपुढं काढायचं कबूल केलं होतं. ते बूट नीट शाळेत आणायची जबाबदारी हेडमास्तरांनी सुग्रीववर टाकली.

"सर, तुमी निर्धास्त ऱ्हावा," सुग्रीव म्हणाला. "बूट माझ्या ताब्यात म्हंजे बँकेत."

या बुटांची गोष्ट अशी की ते घरात कुणीच पाहिलेले नव्हते. अण्णांच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती, तिची किल्ली अण्णांच्या कमरेच्या करगोट्याला. पेटीत मिलिटरीच्या हिरव्या टॉवेलात बांधलेलं गाठोडं होतं. गाठोडं सगळ्यांना माहीत, आतला माल कुणालाच नाही. लहानपणी सुग्रीवनं एकदा विचारलं होतं. "मोठा झालास की सांगंन," अण्णा म्हणाले होते. पुढं सुग्रीव मोठा झाला, त्याचं लग्न झालं, कपाळ मागं सरकत सरकत टाळूला पोचलं, पण पुन्हा विचारायचं राहून गेलं. घरातल्या माणसाला विचारायला रोजच वेळ असतो, म्हणून तो कधीच मिळत नाही.

मग सुग्रीवनं ते बूट मनानंच तयार करून टाकले. गुडघ्यापर्यंत काळं कातडं, तळाला लोखंडी खिळे, एकेकाचं वजन दोन-दोन किलो. दुकानात बसून त्यानं हे वर्णन इतक्यांदा केलं की गावातले काही म्हातारे आता शपथेवर सांगत, होय, आम्ही पाहिलेत ते खिळे.

आता मधेच साडेसाती आली. जोशीबुवांनी पत्रिका पाहून सांगितलं की सुग्रीवच्या राशीला शनिमहाराज मुक्कामाला आले आहेत. सुग्रीवची बायको शिवकन्या चकलांब्याची. तिच्या माहेरची माणसं असं काही निघालं की गोदेकाठच्या शनीला जातात. पायातली जुनी चप्पल देवळाबाहेर सोडायची, दर्शन घ्यायचं आणि मागं वळून न बघता अनवाणी परत फिरायचं. पीडा चपलेबरोबर तिथंच राहते. शिवकन्येनं हे सगळं नवऱ्याला समजावून सांगितलं.

पण सुग्रीव पडला दुकानदार. त्यानं ठोकात विचार केला. एका चपलेनं जर थोडी पीडा जात असेल, तर पोतंभर चपलांनी साडेसात वर्षांचं काम एका शनिवारात का होऊ नये? तेरा तारखेला शनिवारच होता. सकाळी त्यानं युरियाचं रिकामं पोतं झटकलं आणि घर पालथं घातलं. शिवकन्येच्या तुटक्या सपाता, शेतातले गमबूट, न्हाणीतल्या स्लीपरा, सगळं पोत्यात. मागच्या अंगणात, भिंतीवर, कुणीतरी उन्हात दोन विटके तपकिरी कापडी बूट ठेवले होते. पातळ रबराचा तळ, फिकट नाड्या. पोलीस भरतीची पोरं पहाटे रस्त्यानं पळताना घालतात तसले. सुग्रीवनं एका हातानं ते ओढले आणि पोत्यात टाकले. मनात म्हणाला, बघा, हे तर कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हते.

दुपारपर्यंत तो मोटारसायकलवरनं देवळात पोचला, पोतं चपलांच्या ढिगावर उलटं केलं, दर्शन घेतलं आणि मागं वळून न बघता अनवाणी परत आला. रस्ताभर त्याला अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी चहा पिताना अण्णांनी सहज विचारलं, "बूट आत घेतले का रे?"

"कोणचे बूट, अण्णा?"

"माझे. भित्तीवर ऊन दावायला ठेवून दाढी करायला गेलतो. यिऊन बघतो तर न्हाईत. म्हनलं तूच उचलले असतील, तुझ्या हाताला लई वळण हाय."

सुग्रीवच्या हातातला कप तिथंच थांबला. गुडघ्यापर्यंतचं कातडं, लोखंडी खिळे, दोन-दोन किलो, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि शेवटी दोन विटके कापडी बूट उरले. खरं सांगायला ती फार चांगली वेळ होती. पण तोंडातून भलतंच निघालं. "हाव, कपाटात ठेवलेत. कुलूप लावून."

"बेस केलंस," अण्णा म्हणाले. "मंगळवारपस्तोर ते जपायचेत. एकाला शब्द दिलेला हाय." कुणाला, हे सुग्रीवनं याही वेळी विचारलं नाही. त्याला आता तिथून उठायची घाई होती.

रविवारी उजाडताच तो पुन्हा गोदेकाठी. ढीग शनिवारच्या गर्दीनं कमरेएवढा झाला होता. शेजारी कडूबाई नावाची म्हातारी झाडलोट करत होती. सुग्रीव चपलांत हात घालतोय हे पाहून ती झाडू टेकून उभी राहिली.

"इथली चप्पल माघारी नेऊ न्हाई, बाबा. ज्याची त्याची पीडा असती त्यात."

"मावशी, मी माझीच पीडा हुडकतोय," सुग्रीव म्हणाला.

दोन तास तो उकरत होता. परभणीची साडेसाती, जालन्याची साडेसाती, एका पायाची, अंगठा तुटलेली, चिखलानं भरलेली. प्रत्येकीला हात लावताना तो मनातल्या मनात देवाची माफी मागत होता. अखेर एक तपकिरी बूट लागला. त्यानं तो कपाळाला लावला. थोड्या वेळानं दुसराही निघाला. दोन्ही शेजारी ठेवले आणि सुग्रीवचा चेहरा उतरला. दोन्ही डाव्या पायाचे होते.

त्याच्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. आणखी कुणाच्या तरी घरी असेच बूट असणार, त्यांचा एक डावा इथं राहिला आणि अण्णांचा उजवा कुत्र्यानं नेला. त्यानं आणखी तासभर उजवा शोधला. मग आत न बघताच कमी फाटलेला डावा पिशवीत टाकला आणि दुसरा ढिगावर भिरकावून दिला.

"दोन्ही ने की," कडूबाई म्हणाली. "एकाच घरचे दिसत्यात."

सुग्रीवनं तिला शांतपणे समजावलं. "मावशी, मानसाला एक डावा पाय असतो आन् एक उजवा."

"असंल, बाबा," कडूबाई म्हणाली. "मी काय शाळंत गेलते?" आणि ती पुन्हा झाडायला लागली.

परतीच्या वाटेवर त्यानं माजलगावात भरतीच्या पोरांचे बूट विकणारं दुकान गाठलं आणि एक तपकिरी जोड घेतला. डावा तिथंच ठेवून उजवा घेऊन आला. दुकानदारानं त्याच्या पायाकडं पाहिलं, पण काही विचारलं नाही. आता नव्या बुटाचं वय वाढवायचं होतं. सोमवारी दुपारी शिवकन्या स्वयंपाकघरात आली तर नवरा पातेल्यात बूट घालून चहा उकळत होता. आधी तो बूट मोटारसायकलीला बांधून उसाच्या फडापर्यंत ओढत नेऊन आणला होता, चुलीतली राख चोळली होती. खऱ्या बुटाच्या आत कापडावर, मिलिटरीच्या मालावर असतो तसा, एक बाण आणि त्याखाली ७१ असा पुसट शिक्का होता. तसा बाण त्यानं बॉलपेननं नव्यातही काढला होता. तो जरासा लिंबाच्या डहाळीसारखा आला होता.

शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं. तिला हसू आलं होतं, पण हसली नाही. "अण्णांला जाऊन सांगा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. ते रागावतील, पर ऐकून घेतील."

"उद्याचा कार्यक्रम हू दे. मग सांगतो."

"उद्यावर कावून ढकलायलात?"

त्यानं गॅस बारीक केला.

मंगळवारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात, छातीवर पदकं लावून, ताठ बसले होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत माजलगावहून आलेल्या एक वयस्क बाई होत्या, जिनतबी. त्यांना घेऊन त्यांचा मुलगा शहेबाज आला होता. मागच्या महिन्यात शाळेच्या बोअरची मोटार दुरुस्त करून गेला तोच मेकॅनिक. मोटार दुरुस्त करणाऱ्याची आई व्यासपीठावर कशाला, हे सुग्रीवला कळेना. जिनतबींच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि दोन्ही हात पिशवीवर होते.

हेडमास्तरांनी भाषण केलं. माइक हातात आल्यावर सुग्रीवचे खिळे त्यांच्याही तोंडी आले, पण टेबलावरच्या कापडी बुटांकडं लक्ष जाताच त्यांनी वाक्य कसंबसं आवरलं. लाल मखमलीवर दोन बूट, एक डावा, एक उजवा, नाड्या सारख्या बांधलेल्या. सुग्रीव बाजूला हात जोडून उभा. जोडी इतकी जमली होती की क्षणभर त्यालाच अभिमान वाटला.

अण्णा उठले. त्यांनी डावा बूट उचलला, आत बघितलं, शिक्क्यावरनं अंगठा फिरवला आणि परत ठेवला. मग उजवा उचलला. नाकाशी नेला.

"चहा," अण्णा म्हणाले.

माइक चालू होता. सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. मागं कुणीतरी चहा आणायला धावलं.

"ह्यो माझा न्हाई, सुग्रीव," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच सुग्रीवला सोसलं नाही. "माझ्याकडं उजवा कवाच नव्हता. माझे दोनी डावे हायेत."

सुग्रीवला गोदेकाठचा ढीग आठवला, आणि स्वतःच्या हातानं भिरकावलेला बूट आठवला. कडूबाई आठवली. माणसाला एक डावा पाय असतो आणि एक उजवा, हे आपण कुणाला शिकवलं तेही आठवलं. त्यानं मांडवाचा खांब धरला.

अण्णा माइकशी सरकले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. ते ओट्यावर बसल्यासारखं बोलले. लढाईच्या आधी महिनाभर सरहद्दीजवळच्या छावणीत नवे पळायचे बूट आले. कारखाने रात्रंदिवस चालत होते, घाईत कुणाला काय मिळेल याचा नेम नव्हता. अण्णांच्या नशिबी दोन्ही डावे आले. पुढच्या खाटेवर माजलगावकडचाच ख्वाजा होता, पलटणीतला सगळ्यात जोरात पळणारा. त्याला दोन्ही उजवे. माप दोघांचं एकच. ख्वाजानं दोन्ही उजवे पायांत चढवले आणि सगळ्या बराकीत खेकड्यासारखं चालून दाखवलं. पोरं हसून हसून लोळली. सकाळची वेळ होती.

"म्या म्हनलो, संध्याकाळी बदलू. एक तुझा, एक माझा," अण्णा म्हणाले. "च्यार वाजता त्याच्या कंपनीला हुकूम आला."

त्या हुकमावर गेलेला ख्वाजा परत आला नाही.

बहात्तरला सुट्टीवर आल्यावर एक डावा पिशवीत घालून ते ख्वाजाच्या गावी गेले होते. दारात त्याची आई बसली होती. तिला पाहून पिशवी उघडायचा त्यांना धीर झाला नाही. पाणी प्याले आणि परत आले. पुढच्या वेळी देऊ, असं मनाशी म्हणाले. तेवढ्यात धरण झालं, ते गाव पाण्याखाली गेलं, माणसं कुठं कुठं पांगली. मागच्या महिन्यात शाळेत मोटार दुरुस्त करायला पोरगा आला. त्याच्या हत्यारांच्या पेटीवर लिहिलं होतं, ख्वाजा इंजिनिअरिंग. अण्णांनी विचारलं, ख्वाजा कोण रे? पोरगा म्हणाला, माझा मामा. मी बघितलेला नाही.

जिनतबींनी पिशवी उघडली. तसेच दोन तपकिरी बूट बाहेर काढून त्यांनी मखमलीवर ठेवले. दोन्ही उजवे.

"भाईच्या सामानात आले व्हते," त्या म्हणाल्या. त्यांना माइकची गरज नव्हती. "अम्मीनं सगळ्यांला दावले. कुनालाच काय सांगता येईना. अम्मी मरंपस्तोर एकच विचारायची, माझ्या लेकराचा डावा पाय कुठं ऱ्हायला?"

अण्णांनी डोळे मिटून घेतले. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. चोपन्न वर्षं जे आपल्या पेटीत कुलूप लावून जपलं, ते एका आईच्या प्रश्नाचं उत्तर होतं, हे त्यांना आता कळत होतं. सुग्रीवनं वडलांना कधी असं पाहिलं नव्हतं. पन्नास किलोची खताची गोणी एका हिसक्यात उचलणारा माणूस टेबलाची कड धरून उभा होता.

थोड्या वेळानं ते सुग्रीवकडं वळले. "दुसरा डावा कुठं हाय?"

सुग्रीवनं सांगितलं. सगळं सांगितलं. पोतं, शनी, ढीग, कडूबाई, भिरकावलेला बूट, माजलगावचं दुकान, पातेलं. माइक चालूच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पातेल्याच्या ठिकाणी पोरं फिदीफिदी हसली, शिवकन्येनं पदर तोंडाला लावला. सुग्रीवचे डोळे भरले होते. "अण्णा, माझ्या हातानं टाकला वो," एवढंच शेवटी त्याला म्हणता आलं.

त्यांनी उरलेला एकुलता डावा उचलला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि जिनतबींच्या एका उजव्याशेजारी ठेवला. दोन्हींचं माप एक, कापड एक, शिक्का एक. जोडी लागली. जिनतबींनी त्या जोडीवरनं हात फिरवला. मग त्यांनी दुसरा उजवा उचलून अण्णांपुढं धरला.

"ह्यो तुमचा. ठरलं व्हतं तसं."

"आपा, मग अण्णांची जोडी अर्धीच ऱ्हाती," सुग्रीव मधेच म्हणाला.

"ख्वाजाची पुरी झाली का न्हाई?" अण्णा म्हणाले. "माझं अर्धंच ऱ्हाऊ दे. माझे तर दोनी पाय घरी आले."

त्यांनी तो बूट दोन्ही हातांनी घेतला. हेडमास्तरांना आभार मानायचे होते, पण त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांनी नुसतीच मान हलवली आणि कार्यक्रम संपला.

त्याच संध्याकाळी सुग्रीव गोदेकाठी गेला. ढीग नव्हता. सोमवारी टेम्पो येऊन सगळ्या चपला घेऊन गेला होता, कुठं ते कडूबाईलाही माहीत नव्हतं. पण तिला बूट आठवला. "सांगितलं व्हतं तुला," ती म्हणाली, आणि तिनं त्याला पाणी दिलं.

तेव्हापासून सुग्रीव दर शनिवारी तिथं जातो. भंगारवाल्यांना त्यानं सांगून ठेवलंय, कडूबाईलाही. ती तपकिरी डावा बूट दिसला की बाजूला काढते. असे नऊ बूट आजवर जमले आहेत. दुकानात वरच्या फळीवर, बियाण्यांच्या पुडक्यांशेजारी, ते एका रांगेत ठेवलेले आहेत. एकाच्याही आत बाण नाही. गावात बोलतात की सुग्रीवला साडेसाती फारच कडक लागली आहे, बिचारा एक शनिवार चुकवत नाही. तो ते खोडून काढत नाही.

घरी आला की अण्णा ओट्यावर असतात. "घावला का?" ते विचारतात. "न्हाई," सुग्रीव सांगतो. "घाई न्हाई," अण्णा म्हणतात आणि बसायला जागा करून देतात. मग सुग्रीव त्यांना एकेक विचारतो. ख्वाजा किती जोरात पळायचा, छावणीत भाकर कोण करायचं, थंडी कशी असायची. अण्णा सांगतात.

गिऱ्हाइकाला मात्र तो आता पिशवीत फक्त बियाणं घालून देतो, वर वाक्य नाही.